आजीच्या गालावरचा तीळ

लालबागेतल्या काचघरासमोर काढलेला एखादा फोटो बंगळुरूतल्या पुष्कळ घरांत असतो. काचघर १८८९ सालचं, त्यामुळे पणजीच्या फोटोतही तेच आणि पणतीच्या सेल्फीतही तेच! आमच्याकडचा फोटो आजी-आजोबांचा, ब्लॅक अँड व्हाइट. दुमडून ठेवल्यामुळे मधोमध पांढरी घडी पडलेली. वर आकाश, मग काचघराच्या लोखंडी कमानी आणि खाली थेट आजीच्या गालावरून. या वेळी हाच फोटो दुरुस्त करत दोन टूल्स शिकू या.

सॉफ्टवेअर घेऊ गिंप. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, १९९५ मध्ये त्यावर काम सुरू केलं. ते आजही फुकट मिळतं. कॉम्प्युटर नसेल तर यातलं हीलिंग मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्येही आहे.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइलने काढून घ्या. गिंपमध्ये उघडल्यावर सगळ्यात आधी 'डुप्लिकेट लेयर' करा. म्हणजे मूळ फोटोवर त्याचीच एक प्रत ठेवल्यासारखं होतं. सगळं काम वरच्या प्रतीवर करायचं.

आकाशासाठी हीलिंग टूल, चिन्ह बँडेजचं. कंट्रोल दाबून घडीशेजारच्या चांगल्या जागी क्लिक करा आणि मग घडीवरून ब्रश फिरवा. हे टूल तिथला पोत उचलतं, पण छटा आजूबाजूशी जुळवून घेतं. त्यामुळे आकाश पाच मिनिटांत स्वच्छ होतं.

कमानींवर मात्र ते फसतं. काळ्या लोखंडाची छटा उजळ काचेत मिसळते आणि सगळं धुरकट दिसतं. तिथे क्लोन टूल घ्या, रबरी शिक्क्याचं चिन्ह असलेलं. हे उचललेला भाग जसाच्या तसा उमटवतं. त्याच कमानीचा शाबूत तुकडा उचला, ब्रश लहान ठेवा आणि झूम करून रेषेला रेष जुळवा. इथे घाई केली की कमान वाकडी होते, माझी दोनदा झाली.

राहिला गाल. मी तिथेही हीलिंग फिरवत सुटले. आत्याला दाखवला तर ती म्हणाली, "छान झालाय गं, पण ही आई वाटत नाही." घडीबरोबर आजीचा तीळही पुसला गेला होता!

वाचवलं त्या वरच्या प्रतीनेच. लेयरला अल्फा चॅनेल जोडला (तो नसेल तर इरेझर खालचा फोटो दाखवण्याऐवजी नुसता रंग फासतो) आणि गालापुरतं खोडलं. खालून मूळ गाल वर आला, तिळासकट आणि अर्थात घडीसकटही. मग अगदी बारीक ब्रशने तिळाच्या वरची आणि खालची घडी तेवढी काढली.

फाइल आधी एक्ससीएफमध्ये सेव्ह करा, त्यात लेयर्स टिकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला जेपीजी वेगळी एक्स्पोर्ट करा.

तिळाजवळ घडीची फिकट रेघ अजून दिसते. आत्याने प्रिंट मागितली ती हीच.