झिलईचा घोडा आणि मातीचा बैल

आमच्या दिवाणखान्यात एक घोडा आहे. दिवाणखाना हे आपलं म्हणायचं म्हणून, सोफा, टी.व्ही. आणि शोकेस मांडल्यावर तिथे माणसाला तिरपंच बसावं लागतं. घोडा मात्र ऐसपैस उभा आहे. आमचे मेहुणे कंपनीच्या कामानं चीनला गेले होते, त्यांनी आणला. अंगावर मधासारखा पिवळा, हिरवा आणि दुधी असे तीन रंग ओघळलेले आणि वर काचेसारखी झिलई. माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला येणारे आमचे नातेवाईक (माहूरला राहणाऱ्या माणसाला नातेवाईक किती असतात, हे त्याचं त्यालाच ठाऊक!) आधी देवीचं दर्शन घेतात आणि मग या घोड्याचं. "तांग घराण्यातला आहे!" असं आमची सौ. त्यांना सांगते. तांग घराण्यानं चीनवर राज्य केलं इसवी सन 618 ते 907. आमचा घोडा मागल्या दिवाळीचा.

माझं घोड्याशी वैर नव्हतं. ते पोळ्याला जुंपलं. आमच्याकडे शेत नाही, त्यामुळे बैलही नाहीत. आम्ही मातीचीच जोडी पुजतो. यंदा बघतो तर पाटावर प्लास्टरचे दोन बैल! पांढरेशुभ्र, चकचकीत, पापण्या सिनेनटीसारख्या.

"अहो, घोड्याशेजारी शोभायला नकोत का?" सौ. म्हणाली. "आणि मातीचे टिकतात कुठे?"

मी निवृत्त मास्तर. मास्तराला राग आला की तो पुस्तक काढतो. मीही काढलं आणि वाचून उडालोच. हे तांग काळातले घोडे नि उंट दिवाणखान्यासाठी केलेलेच नव्हते. ते मेलेल्या माणसाबरोबर थडग्यात ठेवायचे! कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याला किती आणि केवढी चित्रं पुरता येतील, याचेही सरकारी नियम होते. झिलई शिशाची, ती कमी आचेवर वितळते आणि रंग छान ओघळतात, पण अशा भांड्यात जेवणं धोक्याचं. मड्याला ती भीती नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोयांग शहराजवळ रेल्वेसाठी जमीन खणली, तेव्हा ही जनावरं वर आली आणि युरोप-अमेरिकेतल्या शोकेसांत जाऊन उभी राहिली.

मी हे विजयी मुद्रेनं जेवताना सांगितलं.

"मेल्या माणसाला तरी चांगली वस्तू दिली हो त्यांनी," सौ. पोळी वाढत म्हणाली. "तुम्ही जिवंतपणी काय दिलंत?"

यावर मी जेवलो. पण मुद्दा सोडलेला नाही, तो आता तुमच्यापुढे मांडतो.

माझं भांडण त्या चिनी कारागिराशी मुळीच नाही. त्यानं घोडा पाहिला होता. मानेची कमान, फुगलेल्या नाकपुड्या, तोंड वर करून ओरडणारा उंट हे सगळं त्याला मातीतच साधलं होतं; झिलई नंतर आली. आपण मात्र त्याच्याकडून फक्त चकाकी उचलली! आमच्या प्लास्टरच्या बैलाला वशिंडच नाही. साच्यानं बैल पाहिलेला नसतो ना! इथे आपल्या नांदेड जिल्ह्यात लाल कंधारी बैलासारखं देखणं जनावर, भाजल्या मातीच्याच रंगाचं. आणि आपण पुजणार पांढराफटक, बिनवशिंडाचा बैल!

राहिला टिकण्याचा प्रश्न. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी निघाली. सोबत देवीच्या मूर्ती आणि एक बैल; बिनडोक्याची देवी त्या बैलाच्या पाठीवर बसवता येते. सगळं कच्च्या, न भाजलेल्या मातीचं आणि वय तीन हजार वर्षांहून जास्त. म्हणजे तांग घराणं जन्मायच्या कितीतरी आधी आमचा बैल घरात होता, तोही जित्याजागत्या माणसांच्या! आमच्या प्लास्टरच्या बैलाचं शिंग खांदमळणीलाच मोडलं. पोळा उजाडायचा होता.

मी तडक बाजारात गेलो. दरवर्षीची कुंभारीणबाई बसली होती. टोपलीत मातीचे बैल होते, पण पुढच्या फळीवर प्लास्टरचे.

"हे कुठून आणलेस, बाई?"

"नांदेडहून, गुरुजी. लोकं चकाकी मागतेत. मातीच्याला हात बी लावत न्हाईत. पुढल्या साली माती मळायचीच न्हाई म्हणतेत आमचे मालक."

ट्रॅक्टर आल्यापासून गावातला खरा बैल कमी होतोच आहे. बैल कसा असतो, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे तो माणूसही आपण चकाकीपायी घालवणार. मग पोरांना बैल दाखवायचा कशात, चिनी घोड्यात?

मी दोन जोड्या घेतल्या. एक पाटावर गेली, दुसरी शोकेसमध्ये घोड्याच्या पुढे. सौ. काही बोलली नाही. फक्त घोडा जरा मागे सरकवला. मेहुणे यायच्या आत तो पुन्हा पुढे येईल, याची मला खात्री आहे.

तुम्ही एवढंच करा. पुढच्या पोळ्याला टोपलीपुढे घटकाभर उकिडवे बसा आणि बैलाच्या वशिंडावरून बोट फिरवा. चिमटीचा ठसा लागला, तर घासाघीस न करता तो बैल घरी आणा.