गोष्ट कुणाच्या नावावर?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत बँकेतले माझे एक जुने सहकारी घरी आले, ते हातात एक जाडजूड फाईल घेऊनच. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. फराळाची बशी बाजूला सारून त्यांनी फाईल माझ्यापुढे ठेवली. आत टाइप केलेली दीडशे पाने होती. "साहेब, आमच्या मुलीची गोष्ट लिहिली आहे. स्वखर्चाने छापणार आहे. प्रस्तावना तुमची हवी."

मुलगी दत्तक. पाच महिन्यांची असताना या घरात आली, तेव्हा चौदा वर्षांची होती. नवरा-बायकोंनी ही गोष्ट तिच्यापासून किंवा नात्यागोत्यापासून कधी लपवली नव्हती. ती घरी आली तो दिवस दरवर्षी वाढदिवसासारखाच साजरा व्हायचा. आपले वाचून आणखी चार जोडप्यांना धीर यावा, एवढाच पुस्तकामागचा हेतू.

रात्री वाचायला बसलो आणि उठवेना. दवाखान्यांच्या पायऱ्या, उपास-तापास, कुणाच्याही बारशाला जायचे टाळणारी बायको. मग संस्थेतली नोंदणी, समाजसेविकेची घरभेट, त्यासाठी पडद्यांपासून गॅसच्या नळीपर्यंत सगळे नवे. लांबलचक प्रतीक्षा आणि एका दुपारी आलेला फोन. पहिल्या रात्री बाळ काही केल्या झोपेना, तेव्हा 'परक्याचं मूल' म्हणून महिनाभर अबोला धरलेल्या आजीच उठल्या आणि आपल्या जुन्या लुगड्याची घडी करून त्यात त्यांनी तिला गुंडाळले. हे वाचताना मला चष्मा पुसावा लागला.

एकच प्रकरण त्रोटक वाटले. मुलीला जन्म देणाऱ्या बाईबद्दल संस्थेकडून जे कळले, ते चार-सहा ओळींत आटोपले होते. माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. मी समासात पेन्सिलीने लिहिले, 'इथे अधिक हवे. वाचक इथे थांबणार.' सहकाऱ्यांनी तो सल्ला मानून आठ दिवसांत त्या प्रकरणाची सात पाने केली.

पुढच्या खेपेला मुलगी बरोबर होती. तिने सगळी फाईल वाचली होती, माझ्या पेन्सिलीसकट. बराच वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, आईबाबांनी त्यांचं लिहावं. मला आवडलं ते. पण ती बाई बाबांची कुणीच नाही. ती माझी आहे. तिचं काय करायचं, ते मला अजून ठरवायचंय."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढूनही जी गोष्ट मला सुचायला हवी होती, ती या मुलीने सांगितली. बँकेत लहान मुलाच्या नावाने खाते उघडतात, त्याला आम्ही 'अज्ञान खाते' म्हणत असू. व्यवहार पालक करतात, सही त्यांची चालते. पण पैसा मुलाचा. पालकाने तो सांभाळायचा, वाढवायचा, मुलाच्या भल्यासाठीच वापरायचा. अठरा पूर्ण झाली की पालकाची सही बंद. दत्तक मुलाच्या जन्माची हकीकत ही अशीच अज्ञान खात्यातली ठेव आहे. ती आमच्या सहकाऱ्यांनी भाबडेपणाने खर्चायला काढली होती आणि स्लिपवर साक्षीदार म्हणून मी सही करणार होतो.

यावर कुणी म्हणेल, मग जुने लोक गप्प बसत तेच बरे होते. नव्हते. त्या गप्प बसण्याची किंमतही मी टेबलामागून पाहिली आहे. एका मयत खातेदाराचा तिशीतला मुलगा वारस म्हणून कागद घेऊन आला होता. त्याच्या चुलत्याने हरकत घेतली, "हा आमच्या रक्ताचा नाही, आणलेला आहे." मुलाला त्या क्षणापर्यंत काहीच ठाऊक नव्हते. कायदा त्याच्या बाजूने होता. रीतसर दत्तक घेतलेल्या मुलाला पोटच्या मुलाइतकाच हक्क असतो आणि दत्तकाची कागदपत्रे वडिलांनी नीट जपून ठेवली होती. पैसे त्याला मिळाले. पण काउंटरवर उभ्या उभ्या त्याचा पांढरा पडलेला चेहरा मी विसरलेलो नाही. आईवडिलांनी माया केली, इस्टेट दिली, फक्त एक वाक्य सांगायचे राहून गेले. ते वाक्य मग वैऱ्याच्या तोंडून आले.

तेव्हा सांगायचे की नाही, हा प्रश्नच नाही. मुलाला सांगायचे आणि समजू लागायच्या आधीपासून, गोष्टीसारखे सांगायचे. प्रश्न आहे तो चारचौघांत काय सांगायचे हा.

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, अशा जाहिराती भिंतींवर चिकटवल्या. येणाऱ्या बाईला गुप्ततेचा शब्द होता. याच गृहातल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत, त्याला 1874 साली या दांपत्याने दत्तक घेतले आणि ते दत्तकविधान मात्र उजळ माथ्याने केले. यशवंत पुढे डॉक्टर झाले. 1897 च्या प्लेगात त्यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला, तिथे रोग्यांची सेवा करता करताच सावित्रीबाई गेल्या. आसरा शोधणाऱ्या बाईचे गुपित राखायचे आणि मुलाचे आपल्या घरातले स्थान कुणापासून लपवायचे नाही, या दोन गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, हे तेव्हाच दिसले होते.

आजचा कायदाही याच दिशेने आला आहे. 1956 चा हिंदू दत्तक कायदा प्रामुख्याने घराला मूल देणारा होता. 2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलाला घर देण्यावर भर दिला. मूल संस्थेच्या स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने दिले. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची चौकशी किंवा न्यायप्रक्रिया चालू असताना त्याची ओळख छापायला मनाई केली. मोठे झाल्यावर आपले मूळ शोधायची इच्छा झाली, तर त्या मुलाला अर्ज करता येतो. त्रयस्थाला तशी परवानगी नाही. म्हणजे कायद्याच्या लेखीही ही ठेव मुलाच्याच नावावर आहे.

मग आईबापांनी लिहूच नये का? अवश्य लिहावे. आपली वाट पाहणे, आपली भीती, सासूबाईंचा अबोला आणि ते लुगडे, हे सगळे त्यांच्या स्वतःच्या खात्यावरचे आहे. त्यातला पैसा न् पैसा त्यांनी उधळावा. अशी एक खरी हकीकत वाचून एखादे दाराआड कुढणारे जोडपे संस्थेची पायरी चढेल. मात्र मूल कुठे सापडले, कुणी ठेवले, का ठेवले, हे घरातल्या घरात मुलाला सांगायचे, वहीत लिहून ठेवायचे आणि वही त्याच्या स्वाधीन करायची. उद्या शाळेच्या डब्याच्या सुट्टीत कुणी त्याला त्यातले वाक्य ऐकवले, तर उत्तर त्याला द्यावे लागणार आहे. लेखकाला नाही.

आणि त्या बाईचाही विचार करावा. ती कुठेतरी असेल, संसारात असेल, तिच्या घरीही रविवारी वर्तमानपत्र येत असेल.

सहकाऱ्यांचे पुस्तक गेल्या वर्षी निघाले. ती सात पाने त्यात नाहीत. मुलीने ती मागून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली. प्रस्तावना मी लिहिली, छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवली. तिने एक विशेषण काढायला लावले.

आणखी दोन वर्षांनी ती अठरा पूर्ण करील. त्या पानांचे काय करायचे, ते ती बघेल. कदाचित काहीच करणार नाही. खातेदाराने पैसे काढलेच पाहिजेत, असा काही नियम नाही.