डोळे मिटून काय होणार?

कॉलेजाकॉलेजांत आता मनाच्या आरोग्याचे सप्ताह भरतात. हॉल, फुलदाणी, समोर एक मॅडम. म्हणतात, डोळे मिटा, खोल श्वास घ्या, चांगले विचार करा. पोरगं डोळे मिटतं. मिटल्यावर त्याला काय दिसतं? भर वर्गात वाचलेली स्कॉलरशिपवाल्यांची यादी. मेसची थकबाकी. आणि पहिल्याच दिवशी रूममेटनं टाकलेला सवाल, रँक किती? रँक म्हंजे काय विचारलं, ते दोघांनाही कळतं.

दुखणं पोराच्या डोक्यात आहे असं एकदा ठरवलं की मास्तर सुटला, वॉर्डन सुटला, कारकून सुटला.

थोरात समितीनं २००७ साली दिल्लीच्या एम्सचा अहवाल दिला. त्रासाला कंटाळून आपली पोरं होस्टेलच्या ठरावीक मजल्यांवर गोळा झालेली. देशाचे डॉक्टर घडवणाऱ्या जागेत महारवाडा! हैदराबादेत रोहित वेमुलाची फेलोशिप अडकली, होस्टेलबाहेर काढला, १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. पायल तडवी, आदिवासी डॉक्टर, २२ मे २०१९ ला मुंबईत गेली. जातीवरून छळल्याचा आरोप तिच्याच वरिष्ठ डॉक्टरांवर. १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. अठरा वर्षांचा. संस्थेची समिती म्हणाली, जातिभेदाचा ठोस पुरावा नाही, अभ्यासात मागं पडत होता. मागं का पडत होता? ह्या 'का'ला समितीत खुर्ची नव्हती.

हे झालं त्यांचं. आता आपलं बोलू, मित्रांनो. फोटो, हार, मेणबत्त्या, घोषणा. मेल्यावर आपण त्याचे भाऊ. जिवंतपणी तेच पोरगं शिबिरात कोपरा धरून बसलं, चार रात्री झोपलं नाही, ताट तसंच सारलं, तर आपण काय म्हणतो? भीमाचा वाघ तू, रडतो काय बायकांसारखा? अरे, १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत लाठ्या घेऊन लोक आले, निघ म्हणाले. ते गेल्यावर आपण ढसाढसा रडलो, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. कोलंबियात शिकून आलेला माणूस. तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेले?

आणि 'सगळं जातीपायी, गोळ्याबिळ्या कशाला' हेही नको. क्रांती होईस्तोवर पोरानं जागंच राहायचं? दाटीच्या खोल्यांत टीबी पसरतो म्हणून कुणी औषध फेकत नाही. औषध घेतो आन् घरासाठी भांडतोही. सरकारचा टेलि-मानस फोन आहे, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलतात. होस्टेलच्या भिंतीवर घोषणेशेजारी तो नंबर लिहा. कुणी मरणाची भाषा केली तर भाषण ठोकू नका. सरळ विचारा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का? विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका. डॉक्टरकडं सोबत जा, बाहेर बाकड्यावर बसा.

राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, दोघी आया, २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कॅम्पसातला जातिभेद थांबवा म्हणून. पोटची लेकरं गमावून त्या दिल्लीला जातात, आपल्याला प्राचार्याच्या केबिनपर्यंत जायचंय. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आलाय. जाऊन विचारा: खोली कुठाय? चावी कुणाकडं? भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी कोण? बैठक कधी झाली? समुपदेशकाला आपल्या पोराची भाषा कळते का? स्कॉलरशिप कोणत्या टेबलावर अडलीय? उत्तर लेखी मागा, शिक्क्यासकट. उद्या या म्हणाले तर उद्या चौघं जा, परवा चाळीस.