शीर्षकगीताने काय सांगावे?

मालिकेच्या सुरुवातीला जे गाणे लागते त्याला शीर्षकगीत म्हणतात. पुष्कळ मुले ते लागले की पाणी प्यायला उठतात. माझ्या मते तेवढा वेळ तहान आवरावी. चांगल्या मालिकेत गोष्ट गाण्यापासूनच सुरू झालेली असते.

‘जंगल बुक’चेच पाहा. मूळ पुस्तक रुडयार्ड किपलिंग यांचे. त्यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला आणि हे पुस्तक १८९४ साली निघाले. जपानमध्ये १९८९ साली त्यावर ५२ भागांची कार्टून मालिका सुरू झाली. १९९३ मध्ये ती हिंदी होऊन दूरदर्शनवर आली आणि रविवारी सकाळी घरोघर पाहिली जाऊ लागली. शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा होता. हिंदी मालिकेसाठी शीर्षकगीत मात्र नवे केले गेले. संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शब्द गुलजार यांचे. गुलजार आपली कविता उर्दू लिपीत लिहितात, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

या गीतात मोगलीचे नाव नाही. शेरखानही नाही. जंगलात एक बातमी पसरली आहे, एवढेच कवी सांगतो. बातमी अशी, की एक फूल उमलले आहे आणि त्याने चड्डी घातली आहे! फूल जंगलाचे, चड्डी माणसाची. मोगली माणसांचा की जंगलाचा, हाच तर गोष्टीतला खरा प्रश्न आहे. पुस्तकात लांडगे त्याला कळपातून घालवतात आणि गावकरी दगड मारून गावातून हाकलतात. गुलजार यांनी हा सगळा पेच दोन साध्या वस्तूंत बसवला.

‘चड्डी’ हा शब्द गाण्यात कशाला, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला होता. कवीने तो बदलला नाही, हे फार बरे केले. पावसाळ्यात उरवड्याच्या ओढ्याकडे धावणाऱ्या पोराच्या अंगावर दुसरे काय असते? हा शब्द तुमच्या घरातही तोच आणि मराठी घरातही तोच. निबंध लिहिताना तुम्ही असे शब्द खोडून जड शब्द शोधत बसता, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पुढच्या कडव्यात उघड्या अंगाचे एक पाखरू शरमते. अंड्यातच बरे होतो, बाहेर कशाला आलो, असे त्याला वाटते. किपलिंगच्या पुस्तकात याच्या उलट आहे. तेथे अंगावर केस नसलेल्या बाळाला लांडगे बेडूक समजतात आणि मोगली या नावाचा अर्थही तोच सांगितला आहे. गीतात लाज वाटते ती जंगलाला. नवा कोणी आला की जुन्यांना आपल्या अंगाकडे पाहावे लागते, हे मुलांच्या गाण्यात इतक्या हसत सांगणारा दुसरा कवी मला माहीत नाही.

गीतात भीती नाही, अशी तक्रार कोणी करील. शेरखान पुढे येणारच आहे. त्याला दारातच कशाला उभे करायचे?

माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तकात भालू अस्वल मोगलीला प्रत्येक प्राण्याची बोली शिकवतो आणि चुकला तर पंजाने ठोकतोही. पुढे माकडे त्याला पळवतात, तेव्हा तो वर उडणाऱ्या घारीला तिच्याच बोलीत हाक मारतो आणि त्या हाकेमुळे सुटतो. त्या घारीवर एक कडवे हवे होते.