तुम्ही त्या वॉर्डात होता का?

गेल्या वर्षी श्रावणात, गणपतीच्या आधीच्या त्या तीन-चार आठवड्यांत, आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या पुरुषांच्या जनरल वॉर्डात तुम्ही स्वतः दाखल असाल, तुमचं कुणी असेल, किंवा तुम्ही तिथे ड्युटीला असाल, तर हे आवाहन तुम्हाला आहे. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम छापलेलं नाही. तक्रार अधिकाऱ्यांपुढे आहे आणि चौकशीआधीच कुणाला दोषी ठरवून मोकळं व्हायची आमची इच्छा नाही. जे तिथे होते त्यांना नाव सांगावं लागणार नाही. खिडकीकडच्या रांगेतला शेवटून दुसरा पलंग आणि मध्यरात्री "सिस्टर, ओ सिस्टर" अशा हाका मारणारे म्हातारे गृहस्थ त्यांना आठवतील.

ते माझे सासरे. वय ७१. गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

गोठ्यात पाय घसरून ते पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. हे आधीच सांगते, कारण आमचा राग सर्जनवर आहे असा समज गावात पसरलाय आणि तो खोटा आहे. त्या माणसाच्या हाताला गुण आहे. दुसऱ्या दिवशी अण्णा चहा मागत होते आणि म्हशीची चौकशी करत होते. जे बिघडलं ते पुढे, वॉर्डात, आणि बहुतेक रात्री बिघडलं.

त्या वॉर्डाचा नियम असा की रात्री आठनंतर नातेवाइकांनी खाली हॉलमध्ये थांबायचं. माझा नवरा रोज रात्री खालीच सतरंजी टाकून झोपायचा. म्हणजे रात्री आठ ते सकाळी सात या वेळात अण्णांचं काय झालं, ते आमच्यापैकी कुणीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पाहिलं असेल ते शेजारच्या पलंगांवरच्या लोकांनी. म्हणून तुम्हाला शोधतोय.

आम्हाला दिसलं ते एवढं. मधुमेहाचा पेशंट, पण सकाळी विचारलं की रात्रीचं इन्सुलिन दिलं की नाही याचं उत्तर प्रत्येकाकडून वेगळं यायचं. लघवीची पिशवी सकाळी तुडुंब भरलेली असायची. एकदा चादर बदलताना मला त्यांच्या माकडहाडावर काळपट डाग दिसला. मी दाखवला, तर "म्हाताऱ्या माणसांना होतंच हो असं," एवढंच ऐकायला मिळालं. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याला ना महागडं यंत्र लागतं ना तज्ज्ञ डॉक्टर. दोन हात लागतात, आणि ते हात वेळेवर यावे लागतात. तो डाग पुढे फुटला, जखम हाडापर्यंत गेली, थंडी वाजून ताप भरू लागला. एका सकाळी "पुण्याला हलवा, इथे आता काही होणार नाही" असं सांगितलं गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग रक्तात भिनल्याचं लिहिलं. अण्णा तिथेच गेले. मृत्यूचं कारण डॉक्टरांनी दिलेलं असल्यामुळे शवविच्छेदनाचा प्रश्न आला नाही.

दहाव्याला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं: वय झालं होतं. माणसं प्रेमाने म्हणतात, मला त्यांचा राग नाही. पण खुबा मोडला तेव्हाही वय ७१च होतं, आणि ऑपरेशनला फिट ठरवतानाही तेवढंच होतं.

आम्ही कागद मागायला गेलो, तर खिडकीवरच्या माणसाने मला विचारलं, "तुम्ही कोण? सून? मुलाला पाठवा." मुलगा गेला तर दोन पानी छापील सारांश हातात ठेवला. तो केसपेपर नव्हता. मग लेखी अर्ज केला. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे आचारसंहितेचे नियम आहेत, ते आजही लागू आहेत. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. हे कलम अर्जात लिहिल्यावर खिडकीवरचा सूर बदलला. ७२ तासांत नाही, पण कागद मिळाले.

त्यातला कूस बदलल्याचा तक्ता आम्ही घरात कितीदा पाहिला असेल! दर दोन तासांनी एक नोंद, एकही चुकलेली नाही. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्यांच्या नोंदी एकाच अक्षरात आणि एकाच पेनाने. इतकंच असतं तर एखाद्याने म्हटलं असतं की नंतर सावकाश नीट उतरवून काढलं. पण त्यातल्या एका दुपारी ज्या वेळी अण्णांना डाव्या कुशीवर वळवल्याची नोंद आहे, त्या वेळी ते तळमजल्यावर एक्स-रेच्या टेबलावर होते. फिल्मवर तारीख आणि वेळ छापलेली आहे.

हा तक्ता घेऊन आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार केली. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते, आणि २०२१मध्ये त्याचे नियम सुधारले गेले. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं, तक्रार निवारणाची सोय असणं, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून न ठेवणं, हे सगळं त्यात आहे. आमच्या हॉस्पिटलात सनद लावलेली होती. पाण्याच्या कूलरच्या मागे.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला सरळ विचारलं: तक्ता खोटा असेल, पण रात्री कुणी आलंच नाही, हे कशावरून? साक्षीदार आहेत?

काही जण म्हणतात, पोलिसांत जा. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि त्याआधी दुसऱ्या, निष्पक्ष डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. मला हा निकाल योग्यच वाटतो. प्रत्येक मृत्यूमागे डॉक्टरला अटक होऊ लागली तर अवघड पेशंटला कुणी हातच लावणार नाही. पण मत द्यायला बसलेल्या डॉक्टरपुढे फक्त हॉस्पिटलचे कागद असतील, तर तो कागदांवरच मत देणार. त्या कागदांत अण्णांची कूस दर दोन तासांनी बदलली गेली आहे.

ग्राहक आयोगाचं दार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली. मुदत दोन वर्षांची. सरकारी आरोग्य योजनेत ऑपरेशन झालेल्या लोकांना "फुकट झालं ना, मग तक्रार कसली?" असं सुनावलं जातं. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्याच निकालात विमा कंपनीने किंवा मालकाने पैसे भरलेले उपचार फुकटचे मानलेले नाहीत. योजनेचे पैसे तुमच्या खिशातून गेले नसतील, पण हॉस्पिटलला ते मिळतात.

हा रस्ता लांबचा आहे, हे मला कुणी समजावायला नको. १९५३ साली कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली, त्याला पुण्याला आणलं आणि तिथे तो दगावला. त्याचे वडील स्वतः दौंडचे डॉक्टर होते. जोशी विरुद्ध गोडबोले हा तो खटला सर्वोच्च न्यायालयात संपला १९६८मध्ये, आणि भरपाई मिळाली तीन हजार रुपये. वैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या बापाला पंधरा वर्षं लागली. आजही डॉक्टरच्या कर्तव्याचा विषय निघाला की वकील त्या निकालापासून सुरुवात करतात, ही त्या बापाची कमाई.

आता ज्या लोकांना काही माहीत आहे पण जे बोलत नाहीत, त्यांच्याशी थोडं स्पष्ट बोलते. न बोलण्याचं कारण मला कळतं. उद्या तुमच्या घरात कुणाच्या छातीत दुखलं तर तुम्हालाही तिथेच जावं लागणार, कारण रात्री दोनला उघडा असलेला जवळचा आयसीयू तोच. म्हणून तुमच्या परवानगीशिवाय तुमचं नाव आम्ही कुठेही देणार नाही. आधी फक्त ऐकून घेऊ. किती वाजता हाका ऐकू आल्या, कुणी आलं का, दिवा लागला का, तुम्ही स्वतः उठून त्यांना पाणी दिलं का, इतकं साधं सांगितलंत तरी पुरे. पुढे प्रतिज्ञापत्र करायचं की नाही, हे तुम्हीच ठरवायचं.

आणि सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, तुम्हाला खास. रात्री अख्ख्या वॉर्डाला तुम्ही एकट्या असायचा, हे आम्ही संध्याकाळी जिना उतरताना पाहत होतो. त्यातली एक तर शिकाऊ मुलगी होती. जेवणाचा डबा तसाच टेबलावर असायचा. आम्ही तुमच्याविरुद्ध नाही. चौकशी झाली की पहिला बळी अशाच मुलीचा जातो. तिला कामावरून काढतात आणि "कारवाई केली" असं छापून येतं. आमची मागणी वेगळी आहे. त्या महिन्याचं ड्युटी रजिस्टर आणि पगारपत्रक दोन्ही तपासा, म्हणजे कागदावर किती परिचारिका होत्या आणि प्रत्यक्षात किती, ते कळेल. तक्ता भरायला तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते नाव आम्हाला हवंय, तुमचं नको. तुमच्यातल्या ज्यांनी ती नोकरी सोडली आहे, त्यांनी तरी या.

काच फोडायला मात्र कुणी येऊ नका. अण्णा गेल्याचं कळलं त्या रात्री गावातली पोरं गाड्या काढून तयार होती. आम्ही त्यांना अडवलं. २०१०च्या कायद्याने डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणं आणि हॉस्पिटलची मोडतोड करणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. पण कायदा नसता तरी अडवलं असतं. मार खाणार ती रात्रपाळीची सिस्टर आणि नुकताच नोकरीला लागलेला डॉक्टर. रात्रपाळीला एकच सिस्टर ठेवायचं ठरवणारा माणूस त्या इमारतीत रात्री नसतोच. शिवाय काच फुटली की बातमी काचेची होते.

ज्यांचा या हॉस्पिटलशी काही संबंध नाही, त्यांनाही एक सांगायचंय. २०२३च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडला २४ तासांत २४, त्यातली १२ नवजात बाळं. तेव्हा मंत्री धावले, समित्या नेमल्या गेल्या. एका दिवसात इतके गेले म्हणून ते मोजले गेले. आज या गावात एक, उद्या त्या गावात एक, असे जे जातात त्यांचा हिशेब घरच्यांनी मागितला तरच होतो.

तेव्हा घरात कुणी दाखल असेल तर डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. पूर्ण केसपेपर मागा: नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा तक्ता, लघवी-पाण्याचा तक्ता, ऑपरेशनच्या नोंदी, सही केलेलं संमतीपत्र. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. एक्स-रेच्या फिल्म फेकू नका. जखम दिसली तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा. संशय असेल तर सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी लगेच लेखी द्या. जुन्यावर नवं चढत जातं, तुमचं सुतक संपेपर्यंत ते थांबत नाही.

येत्या रविवारपासून सुनावणीपर्यंत, दर रविवारी सकाळी दहा ते एक, मी आणि माझे यजमान नगर वाचनालयाच्या व्हरांड्यात बसणार आहोत. बिल, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या असतील तर आणा, म्हणजे तुम्ही त्या तारखांना तिथे होता हे दाखवता येईल. काहीच जपलं नसेल तरी या. ज्यांना बोलणं जड जातं त्यांनी लिहून आणावं. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ, वाचून दाखवू, आणि पटलं तरच सही किंवा अंगठा घेऊ. तालुक्याहून येणाऱ्यांची एसटी उशिरा पोहोचली तर एकनंतरही आम्ही तिथेच असू.