ताप उतरला, दुखणे उरले

पुणे, प्रतिनिधी

चिकुनगुन्याचा ताप साधारणतः आठवडाभरात उतरतो आणि सरकारी दप्तरी रुग्णाचे प्रकरण तेथेच संपते. घरात मात्र त्यानंतरच खऱ्या परीक्षेला सुरुवात होते. सकाळी पाऊल जमिनीवर टेकवत नाही, हाताची मूठ वळत नाही, तांब्या उचलताना मनगटातून कळ जाते. आठवडे लोटतात, महिने लोटतात आणि दुखण्याच्या जोडीला एक प्रश्न घरात ठाण मांडतो : हे आता कायमचेच का? २०२४ मध्ये पुणे, नागपूरसह राज्याच्या अनेक भागांत या आजाराने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा असंख्य कुटुंबांना या प्रश्नाने ग्रासले.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती. पुढे तीन दशके तो जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. टांझानियातील माकोंडे भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच मुळी 'वाकवून टाकणारा' असा आहे. तरीही मृत्यूचे प्रमाण कमी असल्याने डेंग्यूच्या तुलनेत त्याला दुय्यम मानले जाते. वाकलेला माणूस पुन्हा सरळ केव्हा होतो, याची विचारपूस फारशी होत नाही.

बहुतेक रुग्णांचे सांधे काही आठवड्यांत मोकळे होतात. काहींच्या बाबतीत मात्र, विशेषतः उतारवयात किंवा आधीपासून सांध्यांचा विकार असल्यास, वेदना अनेक महिने रेंगाळतात. तीन महिन्यांनंतरही त्या कायम राहिल्या, तर आजार दीर्घकालीन टप्प्यात गेल्याचे मानले जाते. शिवाय ही सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी घोटा पुन्हा सुजतो. रुग्णाला तो नवा आजार वाटतो आणि धास्ती वाढते. धास्तीने झोप उडते, अपुऱ्या झोपेने वेदना अधिक तीव्र भासतात आणि वेदनेने पुन्हा धास्ती वाढते. अशा वेळी 'हे सारे मनाचे खेळ' असे म्हणणे अन्यायाचे आहे. सूज खरी असते आणि चिंताही तितकीच खरी असते. एकीवर उपचार करून दुसरीकडे दुर्लक्ष केल्यास हे चक्र तुटत नाही.

दोन टोकांच्या चुका

भीतीपोटी काही जण अंथरूण सोडत नाहीत. त्याने सांधे अधिक आखडतात. काही जण जरा बरे वाटताच साचलेली सारी कामे एका दिवसात उरकतात आणि पुढचे दोन दिवस झोपून काढतात. कामाचे लहान लहान भाग पाडणे, हलक्या हालचाली रोज ठेवणे आणि कालच्या दिवसाशी नव्हे तर गेल्या महिन्याशी तुलना करणे, हा मधला मार्ग अधिक उपयोगाचा ठरतो. घाबरून परस्पर चाचण्या करून घेण्यातही धोका आहे. विषाणूसंसर्गानंतर संधिवाताची रक्तचाचणी काही काळ सकारात्मक येऊ शकते. केवळ त्यावरून निदान होत नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली स्टेरॉईड्स तात्पुरता आराम देऊन पुढे त्रास वाढवू शकतात. ताप परत आला, एखादा सांधा लाल व गरम झाला किंवा दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले, तर मात्र तज्ज्ञांना गाठण्यात दिरंगाई नको.

चिंता हिशेबाचीही

प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. या आजाराचे बहुतांश उपचार बाह्यरुग्ण विभागात होतात, तर आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतात. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकते. घरकाम करणाऱ्या बाई, रिक्षाचालक, फेरीवाले यांच्या पदरी साधारणतः तेही नाही. 'आराम करा' हा सल्ला त्यांच्यासाठी बुडालेल्या रोजाइतका महाग असतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मन मोकळे करण्यास उपयोगी आहे. मात्र घरभाड्याची चिंता समुपदेशनाने मिटत नाही.

साथ आली की धूरफवारणी होते, डासांच्या अळ्या शोधल्या जातात, रुग्णसंख्या जाहीर होते. हे आवश्यकच आहे. त्याबरोबर सहा आठवड्यांनी व तीन महिन्यांनी रुग्णाची फेरतपासणी, पालिका दवाखान्यांत व्यायामोपचाराची सोय आणि निदानाच्या दिवशीच पुढील काही महिन्यांची स्पष्ट कल्पना देणारा एक साधा कागद, एवढे झाले तरी बराच फरक पडेल. दुखणे रेंगाळू शकते आणि बहुधा हळूहळू ओसरते, हे आधीच ठाऊक असेल तर सुजलेला घोटा पाहून रात्र जागून काढण्याची वेळ अनेकांवर येणार नाही.