शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आणि आमची अपक्ष उमेदवार



जुलै महिना आला की जवळपास सगळ्याच शाळांत मंत्रिमंडळाच्या निवडणुकीची गडबड सुरू होते. मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप, बोटाला शाई, आणि मतदान अधिकारी म्हणून सातवीतली चार पोरं ऐटीत बसलेली. फोटो छान येतात, गटावर टाकले जातात, विषय संपतो. मागच्या वर्षी आमच्याकडे तो संपला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे पद्धत अशी. पाचवी, सहावी आणि सातवी या तीन वर्गांनी हात वर करून आपापला एक उमेदवार ठरवायचा आणि मग तिसरी ते सातवीच्या सगळ्या मुलांनी त्या तिघांतून मुख्यमंत्री निवडायचा. सातवीत एक मुलगी होती, आदल्या वर्षीची मुख्यमंत्री. काम चोख करायची. पोषण आहाराच्या रांगेत लहान मुलांना पुढे घेणं तिनंच सुरू केलं होतं. वर्गात हात मोजले तेव्हा एका मुलाला १५ आणि तिला १२ मतं पडली. मी फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. ती उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, मी एकटी उभी राहिली तं चालते का?"

मी म्हटलं, "अगं, वर्गानं ठरवलं ना? बस आता खाली."

ती बसली नाही. "वर्गातल्या पंधरा जनायले मी नको हाय, पन बाकीच्या पोरायले कुठं कोनं इचारलं?"

ऑफिसमध्ये हे सांगितलं तर सगळे हसले. "बंडखोरी झाली म्हणायची!" मीही हसले. पण घरी जाताना तो शब्द डोक्यातून जाईना. बंडखोर कोणाला म्हणायचं?

आपल्या भागातल्या लोकांना अपक्ष नवा नाही. पूर्वी आपल्या मेडशीच्या नावानं विधानसभेचा मतदारसंघ होता. पुनर्रचनेत तो गेला आणि २००९ पासून आपण रिसोडमध्ये मत देतो. त्याच रिसोडमध्ये माजी खासदार अनंतराव देशमुख २०१९ ला आणि २०२४ ला अपक्ष उभे राहिले आणि दोन्ही वेळा दुसरे आले. पण ते त्या वेळी पदावर नव्हते. आमच्या मुलीसारखं उदाहरण म्हणजे पदावर असताना उमेदवारी गेलेला माणूस, आणि त्यासाठी कोल्हापूरला जावं लागतं. सदाशिवराव मंडलिक हे तिथले राष्ट्रवादीचे विद्यमान खासदार. २००९ मध्ये पक्षानं त्यांना बाजूला करून संभाजीराजे छत्रपतींना उमेदवारी दिली. मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि जवळपास ४५ हजार मतांनी निवडून आले.

आता बघा, मंडलिकांची उमेदवारी गेली तेव्हा मतदान कोणी केलं होतं? कोणीच नाही. आपल्याकडे उमेदवारी म्हणजे ए आणि बी फॉर्म. पक्षाच्या अधिकृत माणसानं सही करायची आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचवायचा. तो कोणाच्या हातात पडला हे लोकांना टीव्हीवरून कळतं. अशा वेळी जो थेट मतदाराकडे जातो त्याला बंडखोर म्हणणं मला तरी जड जातं. (मी कर्मचारी आहे, कोणाचा प्रचार करत नाही. माझ्या केंद्रावर सगळ्यांचं बटण सारखंच वाजतं.)

पण आमच्या मुलीची गोष्ट मंडलिकांसारखी नव्हती. तिला कोणी वरून कापलं नव्हतं. वर्गानं मत देऊन नाकारलं होतं. याला जुळणारं उदाहरण आपल्या देशात मला सापडेना, कारण पक्षाच्या उमेदवारीसाठी सामान्य मतदारांचं मत घ्यायची पद्धतच आपल्याकडे नाही. अमेरिकेत आहे. तिथे आधी पक्षाचे मतदार मत देऊन आपला उमेदवार ठरवतात. कनेक्टिकट राज्याचे सिनेटर जो लीबरमन, जे २००० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, ते ऑगस्ट २००६ मध्ये अशा पक्षांतर्गत मतदानात नेड लॅमाँट यांच्याकडून हरले. तरी ते स्वतंत्रपणे उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच लॅमाँट यांना हरवून पुन्हा सिनेटर झाले. पक्षाच्या मतदारांनी नाकारलेला माणूस सगळ्या राज्यानं निवडला. आमची पोरगी हेच म्हणत होती की!

२०१० मध्ये अलास्कात तर आणखी गंमत झाली, आणि ही आपल्यासारख्या प्राथमिक शिक्षकांनी मुलांना सांगावीच. सिनेटर लिसा मुर्कोव्स्की पक्षांतर्गत मतदानात हरल्या. मतपत्रिकेवर नाव छापून यायची सोय राहिली नाही. मग त्यांनी मतदारांना सांगितलं की कोऱ्या जागेत माझं नाव हातानं लिहा. आडनाव किती अवघड ते बघा! प्रचारात लोकांना स्पेलिंग शिकवावं लागलं. प्रतिस्पर्ध्यानं कोर्टात मागणी केली की चुकीच्या स्पेलिंगची मतं मोजू नका. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मतदाराच्या मनात कोण होतं ते कळतंय ना, मग मत धरा. त्या निवडून आल्या. शुद्धलेखनाचे गुण कापताना मला ही गोष्ट हमखास आठवते.

तर दुसऱ्या दिवशी मी मुलीला उभं राहू द्यायचं ठरवलं. खरं कारण सांगते. तिचा मुद्दा पटला होता हे आहेच, पण "वर्गात हरलेल्यानं पुन्हा उभं राहायचं नाही" हा नियम मी आधी सांगितलाच नव्हता. ती हरल्यावर तो काढायचा म्हणजे नियम नाही, माझी सोय. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पक्षांतर्गत मतदानात हरलेल्याला पुन्हा उभं राहायला कायद्यानंच मनाई आहे किंवा ते जवळपास अशक्य आहे. कनेक्टिकटमध्ये तशी मनाई नव्हती. असा नियम असावा की नसावा यावर वाद होईल, पण तो मतं मोजण्याआधी फळ्यावर हवा.

फुकट मात्र सोडलं नाही. आपल्या कायद्यात मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. म्हणून तिलाही दहा सूचक आणायला सांगितले. मधल्या सुट्टीत ती सह्या घेऊन आली. त्यातल्या चार तिसरीच्या मुलांच्या होत्या, नाव लिहिताना जीभ बाहेर काढून लिहिलेल्या. मतपत्रिकेत अपक्षांची नावं पक्षांच्या उमेदवारांच्या खाली येतात, तसं तिचं नाव सगळ्यात शेवटी टाकलं. चिन्ह तिनं शिट्टी मागितलं.

निकाल लागला. सहावीच्या उमेदवाराला ४६, तिला ३९, आणि सातवीनं ठरवलेल्या मुलाला ३३. म्हणजे सातवीची मतं फुटली आणि सहावी जिंकली.

शिकलेल्या माणसाला हे नवं नाही. २०१९ मध्ये मुंबईत वांद्रे पूर्वला हेच झालं. तृप्ती सावंत तिथल्या शिवसेनेच्या विद्यमान आमदार, २०१५ च्या पोटनिवडणुकीत नारायण राणेंना हरवून आलेल्या. पक्षानं उमेदवारी महापौर विश्वनाथ महाडेश्वरांना दिली. सावंत अपक्ष उभ्या राहिल्या, २४ हजारांवर मतं घेतली, आणि काँग्रेसचे झिशान सिद्दीकी ५,७९० मतांनी निवडून आले. पण पेपरात वाचणं वेगळं. आपल्यासमोर सातवीची मुलं एका मुलीशी बोलायचं बंद करतात तेव्हा पोटात कालवतं. डब्याला ती दोन दिवस पाचवीच्या मुलींत जाऊन बसली. हरलेला मुलगा घरी रडला. त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच फूट पाडली." मी त्यांना पाणी दिलं, ऐकून घेतलं. काही अंशी ते खरं बोलत होते.

तरी माझं मत बदललं नाही. तिच्या नावापुढे ३९ मुलांनी बटण दाबलं. वर्गातल्या १५ हातांमुळे त्या ३९ जणांना विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. आणि मतं फुटली हा तिचा गुन्हा धरला तर मग त्या मुलानं माघार का घेतली नाही, हेही विचारावं लागेल. नुसतं "वर्गाची एकी" म्हणून मुलीलाच गप्प बसवायचं, ही आपली जुनी सवय आहे. आपण शिक्षकही पुष्कळदा मॉनिटर स्वतःच नेमून मोकळे होतो आणि मग नागरिकशास्त्राच्या तासाला लोकशाहीची व्याख्या पाठ करून घेतो.

चूक झाली ती एका ठिकाणी. तिनं पुन्हा उभं राहायचं मतं मोजल्यावर सांगितलं. हात वर करणाऱ्या पंधरा जणांना वाटलं, आमच्या मताला किंमत काय? लीबरमन यांनी पक्षांतर्गत मतदानाच्या महिनाभर आधीच जाहीर केलं होतं की हरलो तर स्वतंत्र लढेन, आणि त्यासाठी लागणाऱ्या साडेसात हजार सह्या गोळा करायलाही लागले होते. लोकांना राग आलाच, पण फसवलं असं म्हणता आलं नाही.

या वर्षी जूनमध्येच हा नियम मी मुलांसमोर ठेवला. हरलेल्यानं अपक्ष उभं राहायचं की नाही, तुम्हीच ठरवा म्हटलं. तास संपेपर्यंत भांडले. मागच्या वर्षी सहावीत असलेली, आता सातवीत आलेली मुलं म्हणाली, "राहू द्या मॅडम, आमाले फायदाच झाला होता." शेवटी बहुमतानं ठरलं ते असं: उभं राहता येईल, पण वर्गात हात मोजायच्या आधी फळ्यावर नाव लिहून सांगायचं.

काल सहावीच्या फळ्यावर दोन नावं लिहिलेली दिसली. हात अजून मोजायचे आहेत.